कार्डाला घाम फुटतो तेव्हा...

मे महिना आला की घरातल्या प्रत्येक वस्तूचा स्वभाव बदलतो. फ्रिज दिवसभर घुरघुरतो, सकाळी आणलेलं दूध दुपारपर्यंत दगा देतं आणि माणसं तर विचारूच नका! त्यातच टेबलाखालचा तो काळा डबा, ज्याचे हप्ते आपण इमानेइतबारे भरलेत, तोही एक दिवस सूर लावतो. गेम सुरू केला किंवा व्हिडिओ रेंडरला टाकला, की दोन मिनिटांत घूंऽऽऽ... आतल्या खोलीतून आईचा आवाज येतो, "अरे, एवढ्या रात्री मिक्सर कोणी लावलाय?"

मंडळी, मिक्सर नाही तो. ते आहे तुमचं लाडकं ग्राफिक्स कार्ड. आणि त्याला घाम फुटलाय.

अशा वेळी दुकानात गेलात की उत्तर ठरलेलं असतं. "साहेब, जुनं झालं आता. नवीन टाका." म्हणजे खिशाला मोठं भगदाड. पण बॉस, जरा थांबा. तीन-चार वर्षांचं कार्ड तापतंय आणि ओरडतंय, याचा अर्थ ते मरायला टेकलंय असा नाही. पुष्कळदा चिप ठणठणीत असते, फक्त तिची उष्णता बाहेर नेणारी वाट चोंदलेली असते. ही वाट मोकळी करायला काही शे रुपये, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि रविवारची एक दुपार पुरते. अर्थात, त्याच दुपारी चांगलं चालणारं कार्ड कायमचं झोपवताही येतं! म्हणून काय करायचं आणि कुठे हात आवरायचा, हे आधी बघू.

गरम म्हणजे किती गरम?

पहिला फंडा : घाबरू नका. आपल्याला १०२ ताप आला की घरात धावपळ होते, पण ग्राफिक्स कार्डासाठी ७५-८० अंश सेल्सिअस म्हणजे नेहमीचा ऑफिस डे. एनव्हिडियाने जीटीएक्स १०८०साठी दिलेली कमाल मर्यादा ९४ अंशांची होती, तर आरटीएक्स ३०८०साठी ९३ अंशांची. मर्यादेजवळ गेलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. म्हणजे ते एकदम जळत नाही, आधी फक्त कामचुकार होतं.

मात्र एकच आकडा बघून भागत नाही. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. त्यात बऱ्याच कार्डांसाठी दोन तापमानं दिसतात. एक चिपचं साधारण तापमान आणि दुसरं 'हॉट स्पॉट', म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा. या दोघांत १०-१५ अंशांचा फरक चालतो. तो २५-३०वर गेला, तर चिप आणि तिच्यावरचा धातू यांची गळाभेट नीट होत नाहीये, असं समजायला हरकत नाही. डॉक्टर नाडी बघतात ना, तसा हा फरक बघायचा.

आणखी एक गोष्ट. परदेशी रिव्ह्यूमध्ये एखादं कार्ड ७० अंशांवर चालताना दिसलं, म्हणून आपलं ८२वर गेल्यावर हिरमुसू नका. त्यांच्या चाचण्या साधारणपणे २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. आपली खोली नागपुरात असेल आणि कूलर बंद असेल, तर तिथली हवाच ३५-३८ अंशांची असते. कूलिंगचं गणित साधं आहे. खोलीचं तापमान अधिक कार्डाने चढवलेले अंश. खोली १२ अंशांनी गरम, तर कार्डही साधारण तेवढंच गरम. यात कंपनीचा दोष नाही आणि तुमचाही नाही, दोष सूर्याचा!

आतला वडापाव

कार्डाच्या आत असतं काय? वडापाव डोळ्यांसमोर आणा. खाली चिप, वर धातूचा कूलर आणि मध्ये चटणी. ही चटणी म्हणजे थर्मल पेस्ट. चिप आणि तांबं दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण बारकाईने पाहिलं तर दोघांवर खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा ही उष्णता वाहून नेण्यात महाआळशी. शास्त्राच्या मापात तांब्याची उष्णता वाहण्याची क्षमता ४००च्या आसपास, चांगल्या पेस्टची साधारण ४ ते १२ आणि हवेची जेमतेम ०.०२६! पेस्ट तांब्यापुढे काहीच नाही, पण हवेपुढे राजा आहे. तिचं काम एकच, खाचांमधली हवा हटवणं.

तिथून पुढे उष्णता हीटपाइप नावाच्या तांब्याच्या नळ्यांमधून अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांपर्यंत जाते आणि पंखे ती हवेत उडवतात. मेमरी चिप आणि वीज नियंत्रित करणारे भाग यांच्यावर पेस्टऐवजी रबरासारखी मऊ पट्टी असते. तिला म्हणतात थर्मल पॅड.

आता बिघडतं काय? कार्ड रोज तापतं आणि थंड होतं. प्रत्येक वेळी चिप किंचित वाकते-सरळ होते आणि त्या हालचालीत पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. उरलेली वाळते. वरून पात्यांमध्ये धूळ, केस आणि खोलीतलं एकूणएक कापूस-कचरा. मग तेवढीच उष्णता बाहेर काढायला पंख्यांना जास्त पळावं लागतं. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. मिक्सरचं रहस्य ते हेच!

हा आजार जुना आहे

आवाजाचा हा त्रास काही आजचा नाही. एनव्हिडियाचं २००३ सालचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा इतकं गोंगाटी होतं, की लोकांनी त्याला 'डस्टबस्टर' म्हणजे हातात धरायचा व्हॅक्यूम क्लीनर असं नाव ठेवलं. कंपनीने शेवटी स्वतःच स्वतःची टर उडवणारा व्हिडिओ बनवला. त्याच काळात स्वित्झर्लंडची आर्क्टिक आणि कोरियाची झालमन या कंपन्यांचे कूलर लोक आपल्या हाताने कार्डांवर बसवू लागले.

गंमत बघा, हौशी मंडळी घरी करत होती ते पुढे कंपन्यांनीच उचललं. २०२१मध्ये असुसने ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीबरोबर आरटीएक्स ३०७०ची खास आवृत्ती काढली. कार्डाचे नेहमीचे छोटे पंखे काढून त्यावर कॅबिनेटमध्ये लावतात तसले दोन १२० मिलिमीटरचे चॉकलेटी पंखे! दिसायला अगदी विटेसारखं जाडजूड, पण आवाज हळू.

स्क्रू-ड्रायव्हर नंतर, आधी हे करा

कार्ड उघडण्याआधी तीन बिनखर्चाचे उपाय आहेत. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

पहिला, धूळ. कॅबिनेट गॅलरीत न्या, ब्लोअर मारा. पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. नुसत्या हवेने तो भन्नाट फिरला तर बेअरिंगची वाट लागते.

दुसरा, हवेची वाट. कॅबिनेट भिंतीला चिकटवून, वर पडदा सोडून आणि शेजारी गादी टेकवून ठेवलं असेल तर पेस्टला दोष देऊ नका. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून दहा मिनिटं गेम चालवा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं, तर आजार कार्डाचा नाही, कॅबिनेटचा आहे. तिथे एक जादा पंखा लावा, विषय संपला.

तिसरा उपाय माझा सगळ्यात आवडता. अंडरव्होल्टिंग! एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातून चिपला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करता येतं. कंपन्या सगळ्या कार्डांना पुरेल असं थोडं जास्तच व्होल्टेज देतात, कारण प्रत्येक चिप जरा वेगळी. आणि वीज खाण्याचं प्रमाण व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं. म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी केलं, तर चिपच्या मुख्य कामाची वीज जवळपास १९ टक्क्यांनी घटते. नववीचं बीजगणित इतक्या वर्षांनी कामाला आलं की नाही? फक्त एकदम उडी मारू नका. थोडं कमी करा, तासभर गेम चालवून बघा, क्रॅश झाला तर एक पायरी मागे या.

अंडरव्होल्टिंगची शिफारस करण्यामागे आणखी एक कारण आहे. पेस्ट बदला, पंखे बदला, पाणी फिरवा... उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त कार्डातून तुमच्या खोलीत येते. ३०० वॅट खाणारं कार्ड खोलीत ३०० वॅट उष्णता सोडणारच. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत तुमच्याशिवाय आणखी तीन पाहुणे मुक्कामाला! त्यांना हाकलायचं तर वीजच कमी खायला हवी. बाकी सगळे उपाय कार्डाला थंड करतात, हा एकटा तुम्हालाही थंड करतो.

आता उघडायचं!

एवढं करूनही हॉट स्पॉट ऐकत नसेल आणि वॉरंटी संपलेली असेल, तर उघडू या. वॉरंटी बाकी असेल तर आधी तिच्या अटी वाचा. स्क्रूवरचं ते छोटं स्टिकर फाटलं की काही कंपन्या हात वर करतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८मध्ये अशा स्टिकरबाबत कंपन्यांना इशारा दिला होता आणि आपल्याकडेही २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हा वाद घालण्यापेक्षा आधी ई-मेल टाकून विचारणं सोपं. लेखी उत्तर हाताशी असतं.

सामान काय लागेल? चांगल्या टोकाचा छोटा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, नव्वद टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड, थर्मल पेस्ट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं.

एक युक्ती ऐका. बंद करण्याआधी दहा मिनिटं गेम चालवा. पेस्ट कोमट झाली की कूलर सहज सुटतो. मग मशीन बंद, प्लग बाहेर आणि पॉवरचं बटण एकदा दाबून आत उरलेली वीजही संपवा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाईल. पावसाळ्यात ही भीती कमी, पण डिसेंबरच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून हे काम करू नका. कार्ड उपसताना मदरबोर्डवरची छोटी कडी आधी दाबायची. ती विसरून ओढाताण करणाऱ्यांची संख्या कमी नाही.

मागचे स्क्रू काढताना प्रत्येकाची जागा कागदावर लिहा किंवा मोबाइलवर फोटो काढा. चिपभोवतीचे स्प्रिंगवाले चार स्क्रू शेवटी. कूलर ओढायचा नाही, हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा. तो सुटला तरी झटक्यात उचलू नका, खाली पंख्याच्या नाजूक वायरी जोडलेल्या असतात. कनेक्टर धरून काढा, वायर धरून नाही.

मग जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून चिप आरशासारखी स्वच्छ करायची. नवी पेस्ट किती? प्रोसेसरवर वाटाण्याएवढा ठिपका पुरतो, कारण त्याच्यावर धातूचं झाकण असतं. ग्राफिक्स चिप मात्र उघडी असते. तिचा एकही कोपरा कोरडा राहून चालत नाही, म्हणून पातळ थर सगळीकडे पसरा. पुन्हा बसवताना चार स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. गाडीचं चाक बदलताना नट आवळतात ना, अगदी तसं. एकाच बाजूने जोर दिलात तर चिपचा कोपरा तडकू शकतो आणि तडकलेल्या चिपला औषध नाही.

पेस्ट पुन्हा पुन्हा बदलायचा कंटाळा असेल, तर हनीवेलची पीटीएम७९५० नावाची पातळ शीट मिळते. खोलीच्या तापमानाला ती घट्ट असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन खाचांमध्ये बसते आणि कडेला ढकलली जाण्याचा त्रास फारसा देत नाही. दोन-चार वेळा तापल्या-निवल्यावरच तिचा खरा रंग दिसतो, तेव्हा पहिल्या दिवशी निराश होऊ नका.

इथे हात आवरा

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे थर्मल पॅड. अर्धा मिलिमीटर, एक, दीड, दोन... एकाच कार्डावर वेगवेगळ्या जागी वेगवेगळी जाडी असू शकते. जाड पॅड लावला की कूलर त्याच्यावरच टेकतो आणि चिपपासून किंचित वर राहतो. मेमरी थंड, चिप भट्टी! म्हणून जुने पॅड धड असतील तर त्यांना हलवू नका. फाटले असतील तर त्याच मॉडेलची मापं शोधून मगच खरेदी करा, किंवा दाबेल तसा आकार घेणारी थर्मल पुट्टी वापरा. २०२०मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० कार्डांची मेमरी चांगलीच तापट होती, ११० अंशांपर्यंत जायची. तिथे पॅड बदलून खरंच फरक पडतो. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कित्येक कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. तसलं कार्ड स्वस्तात घेतलं असेल, तर पेस्ट आणि पॅड दोन्हींची तपासणी करून घ्या.

लिक्विड मेटलचा मोह टाळा. सोनीने २०२०मध्ये प्लेस्टेशन ५मध्ये ते वापरलं हे खरं, पण फॅक्टरीत, सगळ्या बाजूंनी सील करून. त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं आणि ते वीजवाहक असल्याने एक थेंब भलतीकडे गेला की खेळ खलास.

कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करायचा एक जुना प्रकारही कोणीतरी तुम्हाला सांगेलच. २००८मध्ये एनव्हिडियाने चिपच्या पॅकेजिंगमधल्या कच्च्या मटेरियलपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं. त्या काळात बंद पडलेली कार्डं भाजायचं फॅड जोरात होतं. भाजलेलं कार्ड जगलंच तर चार दिवस, आणि त्याच ओव्हनमध्ये पुढे केक करायचा असतो, हे विसरू नका.

काही दोष मुळात आपल्या हातातले नसतात. जानेवारी २०२३मध्ये एएमडीने मान्य केलं, की आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही कार्डांच्या कूलरमध्ये पुरेसं द्रवच भरलेलं नव्हतं. त्यांचा हॉट स्पॉट ११० अंशांवर जात होता. तिथे जगातली महागडी पेस्ट लावूनही उपयोग नव्हता. वॉरंटीत बदलून घेणं हाच उपाय. नवं कार्ड पहिल्याच महिन्यात तापतंय? स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा, बिल शोधा.

पंखे बदलायचेत?

पेस्ट झाली, व्होल्टेज झालं, तरी आवाज नको वाटतोय? मग नॉक्टुआवाल्या कार्डाचा देशी अवतार करता येतो. कार्डावरचं प्लास्टिकचं कव्हर आणि छोटे पंखे काढायचे आणि पात्यांवर दोन १२० मिलिमीटरचे पंखे झिप-टायने बांधायचे. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. दिसायला अगदी जुगाड, पण दार लावून अभ्यासाला बसल्यासारखं शांत! पंख्याची वायर कार्डाला जोडायला छोटं अॅडॅप्टर लागतं. जोडण्याआधी दोन्ही पंख्यांची अँपिअरची बेरीज कार्डाच्या मूळ पंख्यांपेक्षा जास्त होत नाही ना, ते बघा. होत असेल तर मदरबोर्डला जोडा. आणि हो, कार्ड तीन-चार स्लॉट जाड होतं. आधी कॅबिनेटमध्ये पट्टी लावून मोजा.

या सगळ्यातून मिळतं काय? फ्रेम रेट दुप्पट होत नाही, जुनं कार्ड नवं होत नाही. मिळतात ते दहा-बारा अंश, रात्रीची शांतता आणि नव्या कार्डाची खरेदी वर्ष-दोन वर्षं पुढे ढकलण्याची सोय. फ्रीलान्स एडिटिंग करणाऱ्याला किंवा घरीच थ्रीडीचं काम शिकणाऱ्याला ती वर्षं फार मोलाची असतात. शिवाय ज्या डब्याला आपण आजवर फक्त पैसे दिले, त्याच्या आत काय चालतं ते एकदा स्वतःच्या हाताने बघितल्याचं समाधान वेगळंच. पुढच्या वेळी दुकानदार "जुनं झालं" म्हणाला, तर तुम्ही विचाराल, "हॉट स्पॉट किती दाखवतोय?" आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

जाता जाता

- काम सुरू करण्याआधीचं आणि नंतरचं तापमान लिहून ठेवा. त्याच गेममध्ये, दिवसाच्या त्याच वेळी. नाहीतर पेस्टने फरक पडला की संध्याकाळच्या वाऱ्याने, ते कळणार नाही.
- पॉवरचा प्लग पूर्ण आत गेलाय ना, डोळ्यांनी बघा. २०२२मध्ये आरटीएक्स ४०९०चे काही कनेक्टर वितळले, तेव्हा अर्धवट बसवलेला प्लग हे एक कारण पुढे आलं होतं.
- पहिल्यांदा सुरू करताना कॅबिनेट उघडंच ठेवा आणि पंखे फिरतायत ना ते बघा. तापमान मिनिटभरात ९०कडे धावलं तर लगेच बंद करा. कूलर नीट बसलेला नाही.
- एखादा स्क्रू उरला तर "चालतंय की" म्हणू नका. फोटो बघा आणि त्याला त्याच्या घरी पोचवा.

काय मग, या रविवारी काय प्लॅन?